ल्युकेमिया-ट्रान्सप्लांट रिसर्चमध्ये येताय? आधी एवढं करा

अभिनंदन! ल्युकेमियावर (रक्ताच्या कॅन्सरवर) बोन मॅरो ट्रान्सप्लांटने उपचार करण्याच्या या फिल्डला चिकाटीच्या लोकांची खरंच गरज आहे. सुरुवातीला सगळे थेट कार-टी सेलच्या (कॅन्सरवर हल्ला करायला लॅबमध्ये बदललेल्या पेशंटच्या टी-पेशींच्या) मागे धावतात, ती पहिली चूक. आधी रोज मायक्रोस्कोपला बसा, स्मिअरमधले (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या किंवा मॅरोच्या थरातले) ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आले पाहिजेत, नुसता फ्लो सायटोमेट्रीचा (मशीनने पेशी ओळखण्याच्या टेस्टचा) रिपोर्ट वाचून भागत नाही.

दुसरं म्हणजे फॉलोअप. ट्रान्सप्लांट झाला, रक्तपेशींचे काउंट वर आले की नवीन मंडळींचा पेशंटमधला इंटरेस्ट संपतो, पण जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला), इन्फेक्शन, रिलॅप्स (आजार उलटणं) हे सगळं त्यानंतरही येऊ शकतं, म्हणून प्रत्येक तारीख, प्रत्येक डोस त्याच दिवशी नोंदवा, वर्षभराने आठवून भरलेला डेटा काही कामाचा नसतो.

आणि हो, बोन मॅरो ट्रान्सप्लांटची सुरुवात करणारे डॉक्टर डॉनल थॉमस यांच्या 1957 च्या पेपरमधले 6 पेशंट दगावले, बाकी बऱ्याच जणांनी नाद सोडला, हा माणूस मात्र कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिला, टिश्यू मॅचिंग शिकत राहिला, नोबेल मिळालं ते 1990 ला! तेव्हा पहिला निगेटिव्ह रिझल्ट आला की विषय बदलू नका, तोही नीट लिहून काढा.

गाइड निवडताना पेपर मोजत बसू नका, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. जीनोमिक्सची सॉफ्टवेअर वगैरे नंतर बघू, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना मात्र प्रोटोकॉल लिहायच्या आधीच भेटा.