मेंदीची कमाई लेकीची, एफडीचं व्याज मात्र बाबांचं

सांगलीत बांगड्या-कटलरीचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे : ‘मुलगी १७ वर्षांची, बारावीत आहे. दोन वर्षांपासून लग्नाच्या मेंदीच्या ऑर्डरी घेते. २०२५-२६ मध्ये तिला १,८४,००० रुपये मिळाले. त्यातले ६२,००० एका इव्हेंट कंपनीकडून आले. त्यांनी ६,२०० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला. तिचं पॅन नव्हतं म्हणून मी माझं दिलं. आजोबांनी एप्रिल २०२५ मध्ये तिच्या नावावर ३ लाखांची एफडी केली, तिचं व्याज वर्षाला २१,००० येतं. माझं दुकानाचं उत्पन्न ११ लाख ९० हजार, नवी करप्रणाली. ओळखीतले एकजण म्हणतात, तिचं रिटर्न भरा आणि दुकानातलेही दोन लाख त्यात दाखवा. भरू का, की लहान आहे म्हणून राहू दे?’

नमस्कार. तुम्ही पाठवलेला वहीचा फोटो आधी पाहिला. ‘नवरी, दोन्ही हात कोपरापर्यंत, ३,५००, ॲडव्हान्स १,००० मिळाला.’ खाली कोन, निलगिरी तेल आणि मिरजेच्या रिक्षाचा खर्च. सतरा वर्षांच्या मुलीनं इतका नेटका हिशेब ठेवलाय, याचं मनापासून कौतुक वाटलं. ही वही जपून ठेवा. पुढे जे सांगणार आहे त्याचा आधार तीच आहे.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न एरवी आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. पण मुलानं स्वतः अंगमेहनतीनं किंवा स्वतःच्या कौशल्यानं कमावलेले पैसे कायद्यानं यातून बाहेर ठेवले आहेत. मेंदी हे सरळसरळ कौशल्य आहे. त्यामुळे ती कमाई तिची. कोन, प्रवास वगैरे ३१,००० खर्च वजा जाता तिचं उत्पन्न १,५३,००० उरतं. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत आणि जुनीत अडीच लाखांपर्यंत कर नाही. तिच्यावर कर शून्य, आणि रिटर्न भरण्याची सक्तीही नाही. उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही रिटर्न भरावंच लागतं अशी काही कारणं आहेत. उदाहरणार्थ वर्षभरात २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस किंवा टीसीएस (विक्रेत्यानं वसूल केलेला कर) कापला जाणं, किंवा परदेश प्रवासावर २ लाखांपेक्षा जास्त खर्च होणं. यातलं काही तिला लागू होत नाही.

तरी माझं मत आहे, या वर्षी भरा. कारण एकच, ते ६,२०० रुपये. कर शून्य असताना कापलेली ही रक्कम रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही, आणि चार रात्री जागून काढलेल्या मेंदीचे ते पैसे आहेत.

अडचण अशी की ते आत्ता तुमच्या पॅनवर जमा आहेत. म्हणजे कंपनीचे ६२,००० तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, एआयएसमध्ये, तुमचं उत्पन्न म्हणून दिसत असणार. तेव्हा आधी तिचं पॅन काढा. अज्ञान मुलाचं पॅन निघतं, अर्जावर पालक सही करतात, कार्डावर फोटो आणि सही नसते. मग कंपनीला लेखी कळवा की हे काम मुलीनं केलं आहे, उत्पन्न तिचं आहे. टीडीएसच्या विवरणपत्रात दुरुस्ती करून तिचं पॅन टाकायला त्यांना सांगा. पत्रासोबत वहीच्या त्या पानाची प्रत जोडा. तुमच्या एआयएसमध्येही त्या नोंदीसमोर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा अभिप्राय नोंदवा. कंपनी टाळाटाळ करेल, फोन उचलणार नाही, तरी पिच्छा सोडू नका. दुरुस्ती झाली की आयकराच्या पोर्टलवर तिचे प्रतिनिधी म्हणून स्वतःची नोंदणी करा आणि मुदतीच्या आत तिचं रिटर्न भरा. आयटीआर-४ हा छोट्या व्यवसायांचा फॉर्म पुरेल, नफा अंदाजानं नव्हे, वहीतला खरा टाका. परतावा येण्यासाठी तिच्या नावाचं, तिच्या पॅनला जोडलेलं बँक खातं लागेल.

त्यावरून आठवलं, ऑर्डरीचे पैसे अजून दुकानाच्या क्यूआर कोडवर येतात असं तुम्ही लिहिलंय. ते आजपासून थांबवा. बांगड्यांची विक्री आणि मेंदीची कमाई एकाच खात्यात मिसळली, तर उद्या कुणी विचारल्यावर वेगळी काढून दाखवणं जड जाईल. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मोकळीक रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिली आहे. मुलीला शाखेत घेऊन जा.

आता तुम्ही जे विचारलंच नाही ते. मला काळजी तिच्या रिटर्नची नाही, तुमच्या रिटर्नची आहे.

आजोबांच्या एफडीचं व्याज तिच्या कौशल्यातून आलेलं नाही. एफडी तिच्या नावावर असली तरी ते २१,००० तुमच्या उत्पन्नात धरायचे. जुन्या करप्रणालीत यातले १,५०० रुपये प्रत्येक मुलामागे माफ असतात, नव्या प्रणालीत तेही नाहीत. तुमचे ११,९०,००० आणि हे २१,००० मिळून १२,११,००० होतात. १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे तुमचा कर शून्य होता. ती रेषा तुम्ही ओलांडली. स्लॅबप्रमाणे कर ६१,६५० येतो, पण १२ लाखांवर जेवढी रक्कम आहे त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत, म्हणून ११,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर धरून ११,४४०. व्याजातली निम्म्याहून जास्त रक्कम करात गेली. शिवाय कर १०,००० च्या वर गेल्यानं तो मार्चपर्यंत आगाऊ भरायला हवा होता. त्याचं थोडं व्याज लागेल.

हे वाचून वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटतंय. पण एफडी मुलीच्या नावावर आहे म्हणून व्याज दाखवायचं नाही, ही समजूत मी घरोघरी पाहते, आणि नोटीस आली की घरातली शांतता जाते. दुकानाच्या हिशेबात एखादा खरा खर्च किंवा घसारा (वापरानं वस्तूंची घटलेली किंमत) धरायचा राहिलाय का, ते रिटर्नआधी एकदा बसून तपासा. खरा खर्च सापडला आणि बेरीज १२ लाखांच्या आत आली, तर प्रश्नच मिटला.

आणि म्हणूनच ‘दुकानातले दोन लाख तिच्या नावावर दाखवा’ हा सल्ला कळकळीनं सांगते, कानाआड करा. दुकान तुमचं, माल तुमचा, उत्पन्न तुमचं. ते तिच्या रिटर्नमध्ये घातलं तर खोटं विवरण होईल, आणि तिच्या खऱ्या कमाईवरही संशय येईल. शैक्षणिक कर्जासाठी उपयोग होईल असं तुमच्या ओळखीतल्यांनी म्हटलंय, पण बँक कर्ज देताना मुख्यतः सहकर्जदार म्हणून तुमचं उत्पन्न बघते.

तिच्याकडे साठलेले लाखभर रुपये कुठे ठेवावेत? कमाई तिची असली, तरी ती गुंतवून आलेलं व्याज अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तुमच्यातच मिळवलं जातं. आणि तुम्ही अशा जागी आहात की १२ लाखांवरचा जवळपास प्रत्येक रुपया करात जातो. पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, पण पंधरा वर्षं अडकवायला मी सांगणार नाही. तिला पुढच्या वर्षी फाइन आर्टला जायचंय, रंग-कागदाला पैसे लागतील. तूर्त बचत खात्यात राहू द्या, तिथे व्याज थोडंच मिळतं. येत्या नोव्हेंबरमध्ये ती अठराची होईल. वाढदिवसाच्या दिवसापासूनचं व्याज तिचं, एफडीचंसुद्धा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण हा नियम तसाच आहे. त्यानंतर तिनं स्वतःच्या नावानं एफडी करावी, पॅनवर फोटो आणि सही घालून घ्यावी आणि पुढचं रिटर्न स्वतः भरावं.

या वर्षीचं भरताना मात्र तिला शेजारी बसवा. वहीतले आकडे तिलाच वाचून दाखवू द्या.