गरोदर स्त्रिया लोहाच्या गोळ्या घरी नेतात, पण घेत नाहीत. त्यांची सवय कशी बदलायची?

तुम्ही लिहिलंय की गोळ्या नियमित वाटल्या जातात, भिंतीवर पोस्टरं आहेत, दर महिन्याला गटात बसवून माहितीही देता, आणि तरी घरभेटीत भरलेल्या पट्ट्या सापडतात. 'आता आणखी काय समजावून सांगायचं?' असा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, समजावणं जरा थांबवा आणि आधी विचारायला लागा.

मी बरीच वर्षं समुपदेशक होते, आता नव्यांना शिकवते. सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच करायचे. गरोदरपणात एकूण साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं, त्यातलं ३०० च्या आसपास बाळाला आणि वारेला जातं, मोठा वाटा आईच्या वाढत्या रक्ताला लागतो, हे सगळं मला तोंडपाठ होतं. बायका माना डोलवायच्या आणि मी खूश होऊन परत यायचे.

एकदा एकीच्या घरी बसले होते. बाळासाठी आणलेले कपडे दाखवायला तिने कपाट उघडलं आणि कपड्यांखालून तीन पट्ट्या खाली पडल्या. पहिल्या पट्टीतल्या चार गोळ्या संपलेल्या, बाकी सगळ्या जशाच्या तशा. ती ओशाळली. नेहमीची असते तर मी तिथेच व्याख्यान सुरू केलं असतं, पण त्या दिवशी का कोण जाणे, मी विचारलं, "चौथ्या गोळीनंतर काय झालं?" ती हळूच म्हणाली, "संडासला काळं झालं. मला वाटलं, आतून रक्त जातंय. बाळाला काही होईल म्हणून बंद केल्या."

माझ्या फ्लिपचार्टवर अकरा चित्रं होती. त्यात काळ्या संडासचं एकही नव्हतं.

'वर्तनबदल संवाद' हे नाव जडच आहे, पण काम साधं आहे. एखादी गोष्ट माणूस का करत नाही हे नेमकं शोधायचं आणि तेवढ्यावरच बोलायचं. मानसशास्त्रज्ञ सुझन मिशी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक मांडणी केली, ती मला शिकवताना फार उपयोगी पडते. कुठलंही वागणं घडायला तीन गोष्टी लागतात: ते जमायला हवं, त्याची सोय हवी आणि तशी इच्छा हवी. आपण पोस्टरं लावून सगळा जोर इच्छेवर लावतो. त्या बाईला इच्छा होती हो! तिने पहिल्या चार गोळ्या घेतल्याच होत्या. अडलं ते पाचव्या दिवशी, आणि तेव्हा तिच्याजवळ विचारायला कुणी नव्हतं.

म्हणून गोळ्या हातात देतानाच पुढे काय होणार ते सांगून ठेवा. शोषलं न गेलेलं लोह बाहेर पडतं, त्याने संडास काळपट होते, घाबरायचं कारण नाही. मळमळ होऊ शकते, पोट जड वाटू शकतं, बद्धकोष्ठ होऊ शकतं. रिकाम्या पोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्यायला सांगा. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, गोळी पोटात गेली हे महत्त्वाचं. चहा-कॉफीने शोषण घटतं, त्यामुळे मध्ये तासा-दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर दोन्ही एकत्र न घेता वेगवेगळ्या वेळी. आधी सांगितलेला त्रास झाला की बाई म्हणते, 'हां, ताई म्हणाल्या होत्या.' न सांगितलेला झाला की म्हणते, 'गोळी मानवत नाही.'

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत. त्यामुळे गोळ्या घेऊनही मधल्या महिन्यांत हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. रिपोर्ट बघून बाई म्हणणार, 'एवढ्या गोळ्या घेतल्या, उपयोग काय?' तिला हे आधीच माहीत असायला हवं.

आता तुमच्या भागातल्या बायका नेमक्या कुठे अडतात हे कसं शोधायचं? त्यासाठी एक जुनी, स्वस्त पद्धत आहे. गोळ्या नियमित घेणाऱ्या ४५ आणि न घेणाऱ्या ४५ जणी निवडायच्या आणि दोघींना तेच प्रश्न विचारायचे. गोळी घेणं कशाने सोपं जातं, कशाने अवघड? घरात कोणाला पटतं, कोणाला नाही? आठवण कशी राहते? मग उत्तरं शेजारी शेजारी ठेवून फरक कुठे पडतो ते बघायचं. 'गोळीने रक्त वाढतं' हे दोन्ही गटांना सारखंच माहीत असेल, तर त्यावर आणखी एक पोस्टर छापणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घेणाऱ्यांपैकी बहुतेकींना घरातलं कुणीतरी आठवण करतं आणि न घेणाऱ्यांना करत नाही असं निघालं, तर तुमचं काम गटसभेत नसून घरातल्या त्या माणसाजवळ आहे. ४५ जणी जमत नसतील तर दहा-दहांशी बोला. आकडेवारीला ते पुरणार नाही, पण डोळे उघडायला पुरतं.

नवरा, आई, सासू यांना बरेचदा आपण अडथळा धरून चालतो. मला उलट अनुभव आला आहे. त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं. 'रात्री जेवण झालं की गोळी तुम्ही काढून द्याल का?' असं नेमकं काम सांगितलं की माणूस ते करतो. 'तिची काळजी घ्या' म्हटलं की नुसती मान हलवतो.

विसरण्याचंही तसंच. 'रोज आठवणीने घ्या' म्हणण्यात काही अर्थ नाही. तिच्याकडूनच वाक्य पूर्ण करून घ्या: 'रात्री दात घासले की मी गोळी घेईन.' आधीच रोज होणाऱ्या कामाला गोळी बांधली की ती लक्षात राहते. पट्टी कपाटात जाता कामा नये, ती त्या कामाच्या जागेजवळ हवी. पण घरात लहान मूल असेल तर त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कारण लोहाच्या गोळ्या लहान मुलाने खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. हे दर वेळी सांगा.

'बाळ फार मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल' ही भीती ऐकली तर हसू नका. शिकलेल्या बायकांच्या मनातही ती असते, फक्त त्या बोलून दाखवत नाहीत. गोळीने बाळ अवाजवी मोठं होत नाही, उलट कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका कमी होतो. एवढं शांतपणे सांगा आणि तिला पुढे बोलू द्या. भीती पूर्ण बाहेर आल्याशिवाय उत्तर आत जात नाही.

हिशोबाबद्दलही बोलते, कारण खरी गोची तिथे आहे. आपल्या वहीत किती गोळ्या वाटल्या ते असतं, किती पोटात गेल्या ते नसतं. 'नियमित घेता ना?' या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर येतं, कारण प्रश्नातच ते भरलेलं आहे. त्याऐवजी विचारा, 'सगळ्यांच्याच एखाद-दोन चुकतात, गेल्या सात दिवसांत तुमच्या किती चुकल्या?' उत्तर ऐकून कपाळाला आठी पडली, तर पुढच्या खेपेला खोटं ऐकायची तयारी ठेवा.

डोस डॉक्टर ठरवतील. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड अशी आहे, तीही शक्य तितक्या लवकर सुरू करून गरोदरपणभर. फॉलिक ॲसिड तर दिवस राहण्याआधीपासूनच घेतलेलं बरं, कारण बाळाची मज्जानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत बंद होते आणि तोवर अनेकींना दिवस राहिल्याचा पत्ताही नसतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, धाप लागत असेल किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असेल, तर तिथे आपलं बोलणं बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे पाठवा.

आणि गोळ्यांचा साठा मध्येच संपत असेल तर आधी तो सोडवा. दोन खेपा रिकाम्या हाताने परत गेलेल्या बाईशी तिसऱ्यांदा सवयीबद्दल बोलायला मलाही तोंड नसतं.