पुण्यात भाड्याने द्यायला फ्लॅट घेण्याआधी

प्रिय मित्रा,

80 लाखांच्या फ्लॅटचं भाडं 25,000 येईल आणि त्यातून निम्मा हप्ता फिटेल, असं तू कळवलं आहेस. 60 लाखांचं कर्ज, व्याज 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं धरली तर हप्ता 52,000 च्या आसपास बसतो. म्हणजे कागदावर तुझं खरं आहे. आता हातात काय पडतं ते बघू.

वर्षाचे 12 नव्हे, 11 महिने भाडं धर: 2,75,000. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिना सहज जातो. मेंटेनन्स 3,500 असेल तर 42,000 गेले. भाड्याने दिलं की सोसायटी ना-वहिवाट शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि मनपाचे कर त्यात मोजायचे नसतात. तरी 4,200 धर. मालमत्ता कर 18,000 धर, कारण स्वतः राहणाऱ्याला पुणे मनपा देते ती 40 टक्के सवलत तुला नाही. एजंट 12,500, रंग आणि दुरुस्ती 25,000. उरले 1,73,300, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजारही नाहीत. पाव हप्त्याच्या थोडं वर. शिवाय खरेदीवर 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी धरली तर फ्लॅट तुला 85,90,000 ला पडला. परतावा जेमतेम 2 टक्के. किंमत वाढेल या भरवशावर घेत असशील तर घे, पण मग तसं स्वतःशी कबूल कर.

म्हणूनच भाड्यासाठी ताणू नकोस. महिना 1,500 जास्त मागितलेस तर 11 महिन्यांत 16,500 वाढतात. त्या हट्टापायी एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर 25,000 जातात. वेळेवर पैसे देणारं कुटुंब राहत असेल तर बाजारापेक्षा थोडं कमी भाडं परवडतं.

कागदाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. ‘11 महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे’ हे पुण्यातले एजंट अजून सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरतात, आणि मालकाला 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. नोंदलेला करार असेल तर मुदत संपूनही न हलणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि तेवढ्या काळाची दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. नोंदणीचा खर्च किती, तर पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज, या रकमेवर 0.25 टक्के मुद्रांक. 25,000 भाडं आणि 75,000 डिपॉझिटला ते सातशेच्या आसपास येतं. मनपा हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंटचे पैसे वेगळे. अंगठ्याचा ठसा घरी येऊन घेतात. त्याच आठवड्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवून पोच सोसायटीत दे.

प्राप्तिकरात भाड्यातून तू भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर 30 टक्के वजावट बिलं न दाखवता मिळते. मेंटेनन्स आणि रंगाचा खर्च त्यातच आला, वेगळा मागता येत नाही. कर्जाचं व्याज वजा केल्यावर भाड्याच्या उत्पन्नात दिसणारा तोटा नव्या करप्रणालीत पगारातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत येतो. हप्त्याचं गणित मांडताना बहुतेक जण इथेच फसतात.

फ्लॅट बघायला जाशील तेव्हा हॉलच्या टाइल्स नंतर बघ. आधी बाथरूममधली पाणी वाहून जाण्याची जाळी आणि खालच्या फ्लॅटचं छत बघ. संडास-बाथरूममधून खाली गळती झाली तर दुरुस्ती तुझ्या खर्चाने. गच्चीतून गळलं तर सोसायटीच्या.

चावी देताना वीज मीटरच्या आकड्याचा, गीझरचा, नळांचा, भिंतींचा व्हिडिओ काढून भाडेकरूला पाठव आणि त्याचं ‘ठीक आहे’ हे उत्तर जपून ठेव. घर सोडताना तोच व्हिडिओ लावून दोघांनी मिळून फिरा. शेवटचं वीजबिल मागाहून येतं, म्हणून डिपॉझिटमधले तेवढे पैसे राखून बाकीचे त्याच दिवशी परत कर.

कळावे.