रसायनांच्या निर्यातीत जगात पहिला देश कोणता, आणि प्रत्येक यादी वेगळी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका यादीत जर्मनी वर, दुसरीत चीन, तिसरीत युरोपीय संघ, आणि आयर्लंडसारखा चिमुकला देश या रांगेत कुठून आला? शिवाय तुमचं एच-ॲसिडचं (कापडाचे रंग बनवायला लागणारं मधलं रसायन, म्हणजे इंटरमीजिएट) छोटं युनिट आहे, तर बाहेरचं गिऱ्हाईक शोधायला या याद्यांचा काही उपयोग होतो का?

याद्या खोट्या नाहीत, फक्त प्रत्येकाने टोपलीत वेगळा माल घातलाय. जागतिक व्यापार संघटना ‘केमिकल्स’ म्हणते तेव्हा त्यात औषधं, खतं, प्लास्टिकचे दाणे, साबण-अत्तरं सगळं येतं. कस्टमच्या एचएस कोडात, म्हणजे मालाच्या जगभर चालणाऱ्या आकडी वर्गवारीत, हाच माल चॅप्टर 28 ते 38 मध्ये विखुरलेला असतो आणि प्लास्टिक वेगळ्या 39 मध्ये. औषधं बाहेर काढली की चीन पहिला. औषधं धरली की जर्मनी आणि अमेरिका वर सरकतात, स्वित्झर्लंड आणि बेल्जियमही चढतात. युरोपीय संघ एक देश समजून मोजला तर तोच सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे कोणतीही यादी हातात आली की आधी दोन गोष्टी बघा: औषधं आत आहेत की बाहेर, आणि युरोप एकत्र आहे की सुटा.

आयर्लंडची गोम आणखी एका ठिकाणी आहे. चॅप्टर 30, म्हणजे तयार औषधं, वगळली तरी तो देश खाली येत नाही, कारण औषधाचा मूळ घटक, आपण ज्याला एपीआय किंवा बल्क ड्रग म्हणतो तो, बऱ्याचदा चॅप्टर 29 मध्ये म्हणजे सेंद्रिय रसायनांतच नोंदला जातो. संप्रेरकांचं शीर्षक 2937 याच चॅप्टरात येतं. बड्या अमेरिकी औषध कंपन्यांचे कारखाने कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत आहेत, तिथून निघणारा माल वजनाने किरकोळ आणि किमतीने प्रचंड. 2025 च्या सुरुवातीला, अमेरिकेचं आयात शुल्क लागण्याआधी माल तिकडे पोचवून ठेवायच्या घाईत ही निर्यात एकदम उसळली. तो फुगवटा बघून ‘आयर्लंडमध्ये सेंद्रिय रसायनांचा उद्योग जोरात आहे’ असा निष्कर्ष काढला तर आपलीच फसगत. नेदरलँड्सचं वेगळंच. रॉटरडॅमला उतरलेला बराच माल पुढे दुसऱ्या देशात जातो, आणि तो त्यांच्या निर्यातीत पुन्हा मोजला जातो.

आता खरा माल बनवणारे. यात मुख्यतः बघायचं ते स्वस्त कच्चा माल कोणाकडे आहे हे. अमेरिकेच्या गल्फ कोस्टवर शेल वायूसोबत निघणारा इथेन स्वस्त, म्हणून इथिलीन (प्लास्टिकचा आणि बऱ्याच रसायनांचा पाया) स्वस्त. आशियात आणि युरोपात ते बहुतांशी नॅफ्थापासून, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवापासून, करावं लागतं. चीनकडे कोळसा आहे, त्यापासून मिथेनॉल आणि मिथेनॉलपासून ओलेफिन्स (इथिलीन आणि त्याच्या जातीची रसायनं), असा लांबचा रस्ता त्यांनी प्रचंड क्षमतेने उभा केला. सौदीत जुबैल, दक्षिण कोरियात उल्सान आणि योसू ही अशीच मोठी रसायन केंद्रं. जर्मनीचं बळ होतं लुडविग्सहाफेनसारख्या संकुलात, जिथे एका प्लांटचा उप-उत्पाद पाइपातून शेजारच्या प्लांटचा कच्चा माल होतो. 2022 मध्ये रशियन वायू आटला आणि त्या गणितालाच धक्का बसला. ते संकुल चालवणाऱ्या बीएएसएफ कंपनीने फेब्रुवारी 2023 मध्ये तिथला एक अमोनिया प्लांट, तसेच कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) आणि टीडीआय (फोमचा कच्चा माल) यांचे प्लांट बंद करायचं जाहीर केलं. त्याच काळात चीनमध्ये झानजियांगला त्यांचं नवं संकुल उभं राहत होतं.

काही देश मोठ्या यादीत दिसतच नाहीत, पण एखाद्या मालात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मिथेनॉलला त्रिनिदाद, फॉस्फोरिक ॲसिडला मोरोक्को, आयोडीनला चिली, नैसर्गिक सोडा ॲशला तुर्कस्तान आणि अमेरिकेतलं वायोमिंग. म्हणून मला विचाराल तर ‘पहिले दहा देश’ ही यादी स्पर्धा परीक्षेला ठीक, धंद्याला तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

धंद्यासाठी सहा अंकी कोडाने बघा. एच-ॲसिड 2922.21 मध्ये येतं. यूएन कॉमट्रेड किंवा ट्रेड मॅप या आयात-निर्यातीच्या आकडेवारीच्या संकेतस्थळांवर हा कोड टाकून कोण आयात करतो ते काढा. इथे तीन ठिकाणी लोक घसरतात. एक, याच कोडात जे-ॲसिड, गॅमा ॲसिडही बसतात, त्यामुळे किमतीला वजनाने भागून येणारा ‘सरासरी भाव’ हा तुमच्या मालाचा भाव नसतो. भारताच्या आठ अंकी कोडांत यांची फोड केलेली आहे, म्हणून आपल्या निर्यातीपुरतं तरी वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीतून नेमकं चित्र मिळतं. दोन, निर्यात एफओबी किमतीत, म्हणजे बोटीवर चढवेपर्यंतच्या किमतीत, नोंदतात आणि आयात बहुतेक देश सीआयएफने, म्हणजे भाडं-विम्यासकट. दोन देशांचे आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच काळाबाजाराचा संशय घेऊ नका. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: इंटरमीजिएट विकलं जातं ते रंग बनतो तिथे, कापड रंगतं तिथे नाही. बांगलादेशात कापड अफाट रंगतं, पण रिॲक्टिव्ह डाय (सुती कापडाचा रंग) तयारच येतो, 3204.16 मध्ये. तिथे एच-ॲसिडचा नमुना पाठवून काय होणार?

या धंद्यात भाव ठरतो तो बहुधा चीनमध्ये काय बंद पडलं यावर. 21 मार्च 2019 ला जियांग्सू प्रांतात शियांगश्वेच्या रसायन वसाहतीत स्फोट झाला, 78 माणसं गेली, आणि पाठोपाठ त्या भागातले कितीतरी कारखाने बंद झाले. मेटा-फेनिलीन डायअमीन आणि त्यावर चालणाऱ्या डिस्पर्स रंगांचे भाव लगेच कडाडले. अशा वेळी येणारी चौकशी म्हणजे कायमचं गिऱ्हाईक नव्हे. तेवढ्यावर नवा रिॲक्टर टाकू नका.

युरोपात विकायचं असेल तर रीच, म्हणजे युरोपीय संघाचा रसायनांच्या नोंदणीचा कायदा. एका आयातदारामागे वर्षाला 1 टन किंवा जास्त पदार्थ गेला की नोंदणी लागते. युरोपाबाहेरच्या कारखान्याला ती थेट करता येत नाही. एकतर तिथला आयातदार करतो, नाहीतर तुम्ही ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे नोंदणीपुरता तिथला तुमचा प्रतिनिधी, नेमता. आयातदाराने केली तर नोंदणी त्याची, उद्या त्याने हात वर केले की दुसऱ्याला विकताना पुन्हा पहिल्यापासून. खर्च जास्त असला तरी प्रतिनिधी स्वतःचा नेमणं मला शहाणपणाचं वाटतं. ब्रिटनची नोंदणी 2021 पासून वेगळी, कोरिया आणि तुर्कस्तानचेही स्वतंत्र नियम आहेत. थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडसारखा माल असेल तर त्याआधीच थांबा: हे रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे डीजीएफटीची (भारताचं विदेश व्यापार महासंचालनालय) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादी, तपासल्याशिवाय कोटेशनसुद्धा देऊ नये.

शेवटी माल अडतो तो कागदावर नाहीतर ड्रमवर. एच-ॲसिडची पावडर सहसा धोकादायक मालात मोडत नाही. पण ॲनिलीनसारखा द्रव असेल तर एसडीएसच्या (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) 14 व्या विभागात यूएन नंबर 1547, वर्ग 6.1 (विषारी), पॅकिंग ग्रुप II (I सर्वांत धोकादायक, III सर्वांत कमी) लिहिलेलं हवं आणि बुकिंगआधी शिपिंग लाइनची मंजुरी हवी. ड्रमवरचा ठसा वाचायला शिका: 1H1/Y1.4/150/24. 1H1 म्हणजे बंद तोंडाचा प्लास्टिक ड्रम. Y म्हणजे पॅकिंग ग्रुप II आणि III ला चालतो, I ला नाही. 1.4 ही द्रवाच्या सापेक्ष घनतेची मर्यादा, 150 किलोपास्कल चाचणीचा दाब, 24 हे बनवल्याचं साल. यात 1.84 घनतेचं सल्फ्युरिक ॲसिड भरलं की ड्रम दिसायला धडधाकट, नियमाने बाद. त्यासाठी Y1.9 मागायचा. प्लास्टिक ड्रम बनवल्यापासून 5 वर्षंच चालतो, त्यामुळे स्वस्तात मिळालेला जुना साठा घेताना साल बघाच. ड्रम गच्च भरू नका. 55 अंशांना द्रव फुगला तरी वर मोकळी जागा उरली पाहिजे. न्हावा शेवाच्या यार्डात मे महिन्यात कंटेनर उन्हात उभा असतो, आणि तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा पडला तर तोच ड्रम आणखी दहा-पंधरा दिवस बोटीवर.

20 फुटी कंटेनरात 200 लिटरचे 80 ड्रम बसतात, दोन थरांत. आयएसओ टँक, म्हणजे कंटेनरच्या चौकटीतली द्रवाची टाकी, घेणार असाल तर उलटी अडचण: आतून कप्पे नसलेला टँक पातळ द्रवाने 20 ते 80 टक्क्यांच्या मध्ये भरलेला चालत नाही, कारण बोट हलली की द्रव आपटतो. ऑर्डर टँकच्या 60 टक्के असेल तर ड्रमच घ्या, किंवा गिऱ्हाइकाला तेवढा माल वाढवायला सांगा.