जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करतोयस? आधी हे वाच

मित्रा, दूरदर्शनवरचे कार्यक्रम घरी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ कॅसेट आहेत म्हणतोस ना, मग घाईघाईत व्हीसीआरमधे घालू नकोस, आधी झाकण उचलून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात का बघ. ती बुरशी असते, आपल्याकडच्या पावसाळ्यात धरतेच, आणि तशी एक कॅसेट चालवली की व्हीसीआरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या सगळ्यांना लागते. माझ्या चार चांगल्या कॅसेट अशाच गेल्या, अजून वाईट वाटतं. मागची प्लॅस्टिकची टॅब तोडून टाक म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही.

कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना, सेटिंग पॅलच (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) ठेव, २५ फ्रेम, ५७६ ओळी, आणि मूळ फाईल इंटरलेस्डच (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत) राहू दे, डीइंटरलेस, म्हणजे ते भाग एकत्र करणं, नंतर कॉपीवर करता येतं पण उलटं होत नाही. लॉसलेसमधे (दर्जा अजिबात न घटवता साठवलं तर) तासाला २०-३० जीबी लागतात, लागू देत.

आणि प्लीज जाहिराती कापू नकोस!! मालिका कुठेतरी सापडेल पण मधली निवेदिका, सातच्या बातम्यांचा तुकडा, प्रक्षेपण अडलं की दाखवायचे ती 'व्यत्यय'ची पाटी हे फक्त तुझ्याच कॅसेटवर असू शकतं. फाईलच्या नावात तारीख टाक, दोन वेगळ्या डिस्कवर ठेव, आणि कॅसेट फेकू नकोस.