इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनचा मोठा इंडेक्स (डॉक्युमेंटचा साठा) दुसऱ्या सर्व्हरवर रिमोट रीइंडेक्सने (नवा सर्व्हर जुन्याकडून डॉक्युमेंट ओढून पुन्हा इंडेक्स करतो) हलवताना टाइमआउट येतो. काय करावं?

बॅच (एका खेपेला येणारी डॉक्युमेंट) लहान करा आणि रिमोटचा सॉकेट टाइमआउट (जुन्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघायची मुदत) वाढवा. डिफॉल्टमध्ये एका खेपेला 1000 डॉक्युमेंट येतात आणि सॉकेटची मुदत असते 30 सेकंद. डॉक्युमेंट जड असली की ही मुदत सहज उलटते. कमांडच्या सोर्स भागातला साइझ, म्हणजे बॅचचा आकडा, 100 वर आणा, टाइमआउट 5 मिनिटं द्या. पण तुटतंय ते तुमच्या टर्मिनलचं किंवा मधल्या प्रॉक्सीचं कनेक्शन असेल, तर काम सर्व्हरवर चालूच असतं. तेव्हा घाईने पुन्हा कमांड देऊ नका, आधी टास्क एपीआयमध्ये (सर्व्हरवर चालू असलेली कामं दाखवणारी सोय) बघा. पुढच्या वेळी 'वेट फॉर कम्प्लिशन' फॉल्स ठेवून, म्हणजे काम संपायची वाट न बघता, टास्क आयडी (त्या कामाची ओळख) घ्या. दोन्हीकडच्या आवृत्त्या जुळत असतील तर मात्र मी स्नॅपशॉट-रिस्टोअरच (इंडेक्सचा बॅकअप घेऊन तो दुसरीकडे उतरवणं) करेन, त्यात प्रत्येक डॉक्युमेंट नव्याने इंडेक्स करावं लागत नाही.