४० हजारांत जुनी स्विफ्ट ट्रॅकसाठी तयार करायची आहे. आधी ब्रेक करू की टायर?

तुम्ही नेरुळला राहता, २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट झेडएक्सआय जुन्यात घेतली आहे, वर्षातून दोन-तीनदा ती ट्रॅकवर न्यायची आहे आणि हाताशी ४० हजार रुपये आहेत. त्यात आधी ब्रेक करावेत की टायर, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर आहे, आधी ब्रेक. आणि ब्रेकमध्येही सर्वांत आधी ब्रेक ऑइल, ज्याचा तुमच्या प्रश्नात उल्लेखच नाही. ‘टायर आधी’ असे छातीठोकपणे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मलाही एक भेटला होता. तो माझा मेव्हणा असल्यामुळे अजूनही भेटतो.

माझी गाडीही हीच. २०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघांनी ठाण्याहून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचे ठरवले. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आणि तिथे पोहोचायला सुमारे १३०० किलोमीटरचा प्रवास, तेव्हा गेल्यासारखे काही तरी करून येऊ, असा उत्साह होता. पैसे मात्र मोजकेच होते. मी ब्रेक पॅड बदलू म्हणत होतो. त्याचे म्हणणे असे की, “भाऊजी, ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर.” हे वाक्य खरे आहे, आणि खरे असल्यामुळेच मी फसलो. चार नवे, मऊ रबराचे टायर घेतले आणि खिसा रिकामा झाला. ब्रेक तेवढे वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या गॅरेजात दाखवून घेतले. मिस्त्रीने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीकडे बोट दाखवले : “साहेब, ऑइल बघा, मधासारखं आहे. थोडं कमी होतं, भरून टाकलंय.” मीही वाकून पाहिले. खरोखरच मधासारखे होते.

पहिली दोन सेशन, म्हणजे ट्रॅकवर एका वेळी मिळणाऱ्या फेऱ्या, मजेत गेली. तिसऱ्यात, चौथ्या की पाचव्या फेरीला, सरळ पट्ट्याच्या शेवटी काटा १३० च्या आसपास असताना मी ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. ब्रेक ‘कमी लागला’ असे नव्हे. ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसे पॅडल खाली गेले आणि खालीच राहिले. दोनदा पंप केले, गिअर खाली आणला, थोडा वेग पडला, पण वळण काही वाट पाहत नव्हते. गाडी सरळ कडेच्या मातीत गेली आणि उभी राहिली. बंपरची एक क्लिप तुटली, चाकांच्या वर मूठ-मूठ लाल माती बसली, मला काही झाले नाही.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. अर्ध्या तासाने गाडी थंड झाली आणि पॅडल पूर्ववत कडक झाले. मेव्हणा आत बसला, पार्किंगमध्ये दहा-वीसच्या वेगाने एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “भाऊजी, ब्रेक तर झकास आहे. तुम्ही उशिरा दाबलात.” त्या दिवसापासून घरच्या प्रत्येक बारशाला आणि मुंजीला हाच निकाल वाचून दाखवला जातो : ब्रेक झकास होता, भाऊजींनी उशिरा दाबला, आणि वाचवले ते टायरने.

झाले होते ते असे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते. रबरी होजमधून आणि टाकीच्या झाकणातून ते हळूहळू मुरत जाते, आणि आपल्याकडे खाडीच्या कडेने चार महिने भिंतींना ओल येते तिथे तर ते कमी मुरणार नाही. नवे डॉट ४ ऑइल (डॉट ३, ४, ५.१ या ब्रेक ऑइलच्या प्रती) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, अशी मानकाची अट आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर ब्रेक पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत न पोहोचता ती वाफ दाबण्यात खर्च होतो. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पॅडल कडक होते. म्हणूनच पार्किंगमध्ये दहाच्या वेगाने ब्रेक तपासणाऱ्याला सगळे झकास दिसते.

चालकासह साडेदहाशे किलोची गाडी १३० वरून ६० वर आणताना सुमारे साडेपाच लाख ज्यूल उष्णता तयार होते. साध्या भाषेत, घरातले पावणेदोन-दोन लिटर पाणी चहासाठी उकळावे एवढी ही उष्णता अवघ्या काही सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते आणि दर फेरीला पुन्हा जाते. घोडबंदर रोडवर गायमुखाच्या उतारावरसुद्धा तुम्ही ब्रेकला असे वागवत नाही. चांगल्या टायरमुळे तर हे वाढते, कारण पकड लवकर सुटत नाही म्हणून तुम्ही अधिक उशिरा आणि अधिक जोरात ब्रेक दाबता. गाडी थांबते छान, पण ती उष्णता टायरमध्ये जात नाही, डिस्कमध्येच जाते. जुने कडक टायर असते तर मी घाबरून लवकर ब्रेक दाबला असता आणि कदाचित दिवसभर काहीच झाले नसते. मेव्हण्याच्या टायरने मला वाचवले नाही, त्यांनीच मला तिथवर नेले, असे माझे मत आहे आणि ते बदलणार नाही.

त्याच दुपारी शेजारच्या गाडीवाल्या मुलाने सीलबंद डॉट ४ चे कॅन दिले. पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकवर ऑइल काढायचा निपल असतो, त्याला पारदर्शक नळी लावून ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडली, मेव्हण्याला पॅडल दाबायला बसवले आणि निपल सैल केला. आधी आले ते उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाच्या रंगाचे. दहा-बारा वेळा दाबल्यावर हळूहळू पिवळे झाले. मग बाकीच्या चाकांचेही तसेच काढले. वर टाकीत मध होता, खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागात, सहा-सात वर्षांचा काढा. मिस्त्री खोटे बोलला नव्हता, त्याने फक्त टाकी पाहिली होती. रंगावरून पाणी सिद्ध होत नाही, हे मेव्हण्याचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु तेच टायर, तेच पॅड, तोच चालक ठेवून आम्ही त्यानंतर दोन सेशन केली आणि पॅडल तसूभर खाली गेले नाही, याचे उत्तर त्याने आजवर दिलेले नाही.

तेव्हा गॅरेजात ‘ऑइल चेक करा’ म्हणू नका. चारही चाकांवरून जुने ऑइल पूर्ण काढून, एअर काढून, समोर फोडलेल्या सीलबंद कॅनमधले डॉट ४ किंवा ५.१ भरायला सांगा आणि स्वतः उभे राहा. पुढे चांगल्या प्रतीचे, उष्णता सहन करणारे पॅड टाका. मागच्या ड्रमचे लायनर आणि ॲडजस्टर नीट करून घ्या. डिस्क मूळच्याच ठेवा. भोके पाडलेल्या डिस्क मला विचाराल तर दागिना आहेत, आणि त्या भोकांपासूनच तडे सुरू होतात. नवे पॅड ट्रॅकवरच्या पहिल्या सेशनमध्ये बेताने तापवून बसवा. त्यासाठी पाम बीच रोडवर रात्री जाऊ नका. तो रस्ता आहे, त्यावर माणसे असतात. सेशनची शेवटची फेरी ब्रेक न दाबता काढा आणि उभे राहिल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

टायरचे थोडक्यात सांगतो. मूळ माप १८५/६५ आर १५ हेच ठेवा. मूळ अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की वळणात टायरची बाजू लोळते. बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, जुना कडक टायर फुकट मिळाला तरी नको. हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे भरून जा, सेशनहून आल्याबरोबर गरम टायरची मोजा, पाच-सहा पीएसआय वाढलेली दिसेल, तेव्हा ती तिथेच थोडी कमी करा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे कडेवर, खडूची रेघ मारली असेल तर टायर कुठवर लोळतो ते पुसलेल्या रेघेवरून कळते. कोणत्या कंपनीचे घ्यावेत, ते पैसे उरतील त्यावर ठरवा.

तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ट्रॅकचे काही पॅड थंड असताना शहरात नीट धरत नाहीत, त्यामुळे याच गाडीने रोज वाशीचा पूल ओलांडणार असाल तर मधल्या प्रतीचे घ्या. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते, ते ५.१ नव्हे, आणि यात चालत नाही. शर्यत किंवा वेगचाचणी नेहमीच्या विम्यात बसत नाही, हेही पॉलिसी काढून वाचा.

उघडलेले कॅन ठेवून देण्यात अर्थ नसतो, म्हणून उरलेले डॉट ४ मी त्याच आठवड्यात पत्नीच्या स्कूटरच्या डिस्क ब्रेकमध्ये घालतो. मागच्या खेपेला त्यातूनही थोडे उरले होते, ते मेव्हणा त्याच्या गाडीसाठी मागायला आला होता. कॅन उघडल्याला दोन महिने झालेत, नवे घे, असे मी त्याला सांगितले, आणि त्याने काही न बोलता नवे घेतले.